रबर नवे, पत्रा जुना

जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये पाणी झिरपू लागले की दोष रबरावर जातो आणि नवी पट्टी आणून ती भरपूर डिंकाने चिकटवली जाते. पहिल्या जोरदार पावसात पाणी पुन्हा आत येते. रबर पाणी अडवते ते दोन पृष्ठभागांमध्ये दबून राहिल्यामुळे. डिंकाचे काम फक्त त्याला जागेवर धरून ठेवण्याचे. ज्या कडेवर ते दाबले जायचे ती कडच वाकलेली किंवा गंजून खडबडीत झालेली असेल, तर महागातली पट्टीही गळते.

आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूरच्या परिसरात या कामाची परीक्षा कडक असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाळा. एकाच वर्षात पत्रा तापतो, भिजतो आणि कच्च्या रस्त्यांची धूळही खातो.

कंपनीचा सुटा भाग आणला की तो बसेलच, हा समज जुन्या गाड्यांबाबत फसवा आहे. टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ पर्यंत चालला. त्या काळातले आणि नंतरचेही असंख्य ट्रक कारखान्यातून चासिस आणि पुढचा दर्शनी भाग एवढेच घेऊन बाहेर पडत. केबिन गावोगावचे बॉडीबिल्डर लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधत. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांची दारेही सारखी नसतात. आधी फट मोजावी. दाराच्या चौकटीवर ठिकठिकाणी मऊ मातीचे गोळे ठेवून दार बंद करावे आणि उघडल्यावर दबलेल्या गोळ्यांची जाडी पाहावी. एका कोपऱ्यात फट बोटभर आणि दुसऱ्यात कागदाएवढी निघाली, तर आधी बिजागरी आणि चौकट सरळ करून घ्यावी लागते. जाड रबर लावून ही तफावत भरून निघत नाही. दार जोराने आपटावे लागते, बिजागरी आणखी ढिली होते आणि फट वाढते. बंद दारात पोकळ रबर साधारण एक तृतीयांश दबले म्हणजे पुरे.

काळे दिसणारे रबर सगळे सारखेच, असेही मानले जाते. नैसर्गिक रबराला उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने लवकर भेगा पडतात. नायट्राइल रबर तेलाला टिकते, पण ऊन आणि ओझोनपुढे कमी पडते. दार-खिडक्यांसाठी ईपीडीएम रबर सर्वांत योग्य; ऊन, पाऊस, ओझोन तिन्ही ते सोसते. त्याचे वैर तेलाशी. म्हणून पट्टी सहज सरकावी यासाठी ग्रीस किंवा डिझेल लावण्याची सवय सोडायला हवी, कारण त्याने ईपीडीएम फुगून मऊ पडते. साबणाचे पाणी पुरते.

पुढची काच डिंकाने बसवायची असते हा तर मोठाच गैरसमज. तिच्या रबराला दोन खाचा असतात, एकीत काच आणि दुसरीत पत्र्याची कड. रबर आधी काचेवर चढवतात, पत्र्याच्या खाचेत दोरी फिरवून तिची टोके आत सोडतात आणि साबणाचे पाणी लावतात. मग एकजण बाहेरून काच दाबतो व दुसरा आतून दोरी ओढत जातो. दोरीबरोबर रबराचा ओठ कडेवर चढतो. पकड आकाराचीच असते. आत धातूची पकड असलेल्या दाराच्या पट्ट्याही कडेवर नुसत्या दाबून बसवायच्या असतात.

डिंक खरोखर लागतो तो सपाट पाठीच्या पट्टीला. इथे एसआर ९९८ सारखा, दोन्ही बाजूंना लावायचा सिंथेटिक रबराचा डिंक वापरतात. तो ओला असतानाच पट्टी चिकटवणे ही नेहमीची चूक. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यावा, बोटाला चिकटेनासा झाला की जोराने दाबावे. ईपीडीएमला डिंक मुळात नीट धरत नाही, म्हणून पाठ बारीक पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसावी आणि डबा त्या रबरासाठी चालतो का, हे वाचावे. मेच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर डिंक दाबण्याआधीच सुकतो. पावसाळी हवेत उडणारा द्रव डिंकाचा थर गार करतो आणि त्यावर बाष्प जमून पकड जाते. सावली आणि कोरडी सकाळ सर्वांत बरी. ताज्या इनॅमल रंगावर तर डिंक लावूच नये. रंग कडक व्हायला कित्येक दिवस लागतात आणि डिंकातला द्रव तो उचलतो. गंज मात्र आधी खरवडून, रेड ऑक्साइड देऊन झाकलेला हवा.

सिलिकॉन सगळीकडे चालते असे समजून ते भरणाऱ्यांनी त्याचा वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते; उघड्या लोखंडी पत्र्यावर त्यानेच गंज सुरू होतो, आणि त्या जागी पुढे रंगही धरत नाही. झटपट चिकटणारा डिंक पट्टीची दोन टोके जोडायला थेंबभर ठीक, पण लांबीभर लावला तर सांधा ताठ होऊन धक्क्यांनी तडकतो. तो सांधा दाराच्या खालच्या बाजूला ठेवावा. पट्टी ताणून बसवू नये, कारण ती पुन्हा आखडते आणि कोपरे उघडे पडतात.

शेवटचा समज सर्वांत नुकसानकारक: दाराच्या आत पाणी जाताच कामा नये. काचेवरून ओघळलेले पाणी दारात उतरतेच. ते बाहेर पडावे म्हणून तळाशी छिद्रे असतात. ती रबराने किंवा लांबीने बुजवली की पाणी साचते आणि दार आतून कुजते. नवे रबर बसवण्यापूर्वी ही छिद्रे तारेने मोकळी करून घ्यावीत.