वाफेचा बॉयलर बदलताय? आधी रेडिएटर मोजा

न्यू जर्सीत किंवा बॉस्टनच्या आसपास शंभरेक वर्षांचं जुनं घर घेतलं, की तळघरातला वाफेचा बॉयलर कधी ना कधी दगा देतो, आणि तोही ऐन जानेवारीत. कुडकुडणारा माणूस मग पहिला भेटेल त्याच्या सल्ल्याला मान डोलावतो. त्यातले नेहमीचे सल्ले तपासून पाहू.

गैरसमज : जुन्याच मापाचा नवा बसवावा.

पण जुना बरोबर मापाचा होता, हे कुणी ठरवलं? कोळसा गेला, तेल आलं, मग गॅस आला. दरवेळी ‘असू दे थोडा मोठा’ म्हणत माप फुगलेलं असू शकतं. मधल्या काळात कुणीतरी स्वयंपाकघर नवं करताना तिथला रेडिएटरच काढून टाकलेला असतो. जुन्या पाटीवरचा आकडा उतरवून घेणं म्हणजे आधीच्या मालकाची चूक पुन्हा पैसे मोजून विकत घेणं.

गैरसमज : घराच्या चौरस फुटांवरून माप ठरतं.

गरम पाण्याच्या हीटिंगमध्ये घरातून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब करतात, आणि तिथे ते बरोबरच आहे. वाफेचं तसं नाही. वाफ प्रत्येक रेडिएटरपर्यंत पोचून तो भरला पाहिजे. कमी पडली तर ती वाटेतच थंड होऊन तिचं पाणी होतं आणि टोकाच्या खोलीतला रेडिएटर गारच राहतो. पंगतीला पानं मोजून भात टाकतात, जेवणाऱ्यांची वजनं करून नव्हे. म्हणून नव्या खिडक्या बसवल्या, भिंतींत इन्सुलेशन भरलं, तर बॉयलर कमी वेळ चालेल, बिल उतरेल. पण रेडिएटर तेच असतील तर बॉयलरचं माप तेच.

गोंधळाला पाटीही थोडी जबाबदार आहे. तिच्यावर ‘चौरस फूट’ असंच छापलेलं असतं. ते जमिनीचं क्षेत्रफळ नव्हे, रेडिएटरच्या उष्णता देण्याच्या क्षमतेचं माप आहे : एक चौरस फूट म्हणजे तासाला 240 बीटीयू.

हे मोजायला टेप, वही आणि अर्धा तास पुरतो. जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची, सेक्शन किती, आणि एका सेक्शनमध्ये उभ्या नळ्या किती, एवढंच लिहायचं. 38 इंच उंचीच्या, तीन नळ्यांच्या जुन्या बिडाच्या सेक्शनचे साधारण 5 चौरस फूट धरतात. बैठकीत असे 10 सेक्शन असतील तर 50 चौरस फूट, म्हणजे तासाला 12,000 बीटीयू. बाकीच्या नमुन्यांचे तक्ते मिळतात. सगळ्या खोल्यांची बेरीज करा.

गैरसमज : बेरजेवर थोडं जास्तीचं धरलेलं बरं.

ते कारखान्याने आधीच धरलेलं असतं. बेरीज 320 चौरस फूट आली, तर रेडिएटरना तासाला 76,800 बीटीयू लागतात. पाटीवर ‘नेट’ 320 लिहिलेला बॉयलर मात्र तासाला सुमारे 1,02,000 बीटीयूची वाफ करतो. वरचा एक तृतीयांश पाइप तापवण्यासाठी. त्यावर आपण आणखी चढवलं, की रेडिएटरना पचणार नाही इतकी वाफ होते, दाब चढतो, बर्नर बंद पडतो, काही मिनिटांत पुन्हा पेटतो. रात्रभर हेच. गॅस वाया जातो आणि भागांची झीज होते ती वेगळी. एक अट मात्र आहे : तळघरातले पाइप उघडे नकोत. ॲस्बेस्टॉस काढल्यावर ते तसेच राहिले असतील, तर मोठा बॉयलर घेण्याऐवजी त्यांना फायबरग्लास गुंडाळा.

गैरसमज : दाब वाढवला की घर लवकर तापतं.

नाही. कुकरमध्ये सुमारे 15 पीएसआय दाब असतो. इथे 2 सुद्धा नको. एखादा रेडिएटर तापत नसेल तर आधी त्याची हवा सोडणारी झडप बघा, बऱ्याचदा तीच अडकलेली असते.

कंत्राटदार एकाही खोलीत न डोकावता तळघरातूनच माप सांगून मोकळा झाला, तर त्याला चहा पाजून निरोप द्या आणि दुसरा बोलवा.