धारवाडच्या कपाशीचे दुहेरी बिऱ्हाड

सुभाष रोडवर पातळ किंवा धोतरजोडी घ्यावयास गेलेली आपल्यापैकी जाणती मंडळी कापड दोन बोटांत चोळून सुताचा पोत अजमावतात. ते सूत ज्या तंतूंचे, त्यांतील प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच एक पेशी लांबत गेलेली असते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. कानडीत कापसाला ‘हत्ति’ म्हणतात. या गावी नव्याने आलेल्या मराठी मुलांना त्याची मोठी गंमत वाटते. पण या हत्तीची खरी गंमत त्याच्या बियांत दडलेली आहे.

धारवाडच्या काळ्या रानात पूर्वापार देशी कपाशी होई. कुमठा बंदरावरून व्यापारात तिला ‘कुमठा’ हे नाव पडले. ‘जयधर’ हा वाण त्याच जातीचा. १८४० नंतरच्या दशकात कंपनी सरकारने अमेरिकन मळेवाले आणि न्यू ऑर्लिन्सचे बी हिंदुस्थानात आणविले. मुंबई इलाख्यात इतरत्र हा प्रयोग बहुतेक फसला. धारवाडात मात्र तो रुजला आणि ‘धारवाड-अमेरिकन’ हा कापूस बाजारात नावारूपाला आला. भेसळीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८६३ साली मुंबई सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. गाठोड्यांत कापूस मिसळे. शेतात मात्र या दोन कपाशी शेजारी नांदूनही एकमेकींत मिसळल्या नाहीत.

याचे कारण गुणसूत्रांत आहे. देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकन कपाशीत ५२. दोहोंचा संकर केला तर देशीकडून १३ आणि अमेरिकनकडून २६ मिळून ३९ होतात. त्यांच्या जोड्या लागत नाहीत आणि झाड वांझ राहते. मग अमेरिकनकडे दुप्पट गुणसूत्रे आली कोठून? १९३०च्या दशकात असे दिसून आले, की त्या ५२ पैकी निम्मी मोठी असून आपल्या देशी कपाशीच्या गुणसूत्रांसारखी आहेत, तर निम्मी लहान असून अमेरिकेतील रानटी कपाशीच्या गुणसूत्रांसारखी आहेत. १९४० साली बीस्ली यांनी देशी व रानटी यांचा संकर करून कोल्चिसीन या औषधाने त्याची गुणसूत्रे दुप्पट केली, आणि ते नवे झाड अमेरिकन कपाशीशी सुखाने जुळले. सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी निसर्गाने हेच केले होते. आपल्या कपाशीचे कोणी आप्त समुद्रापार गेले आणि तेथल्या रानटी कपाशीशी संसार थाटताना दोन्ही घरचे सारे सामान घेऊन बसले.

या दुहेरी सामानाचा उपयोग काय? आजीच्या मसाल्याच्या कृतीचा एकच कागद घरात असेल, तर सूनबाई त्यावर खाडाखोड करावयास धजत नाही. दुसरी प्रत हाती आली, की तीत ब्याडगी मिरची घालून इकडच्या चवीचे प्रयोग करता येतात. बिघडले तरी मूळ कागद शाबूत असतो. जनुकांचेही तसेच. एक प्रत नेमून दिलेले काम करते. दुसरीत बदल झाले तरी जीवाचे अडत नाही. बहुतेक जादा प्रती बिघडून निकामी होतात, हेही सांगितले पाहिजे. क्वचित एखादी नव्या हवामानात, नव्या गरजेला उपयोगी पडते. हॉल्डेन यांनी हा विचार पूर्वीच सुचविला होता. सुसुमु ओनो यांनी १९७० साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कपाशीत याचा नमुना पाहण्यासारखा आहे. त्या रानटी पूर्वजाला कातण्याजोगी रुई धरतच नाही. तरीही त्याच्याकडून आलेली जनुके अमेरिकन कपाशीच्या धाग्याला गुण देतात! शिवाय सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीही कपाशीच्या पूर्वजात असेच पाच-सहा पटींचे गुणन झाले होते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले.

धारवाड-अमेरिकनमधून पुढे ‘गदग नं. १’ निवडला गेला, त्याच्या संकरातून ‘लक्ष्मी’ निघाली, आणि १९७२ साली धारवाडच्या संशोधन केंद्रात डॉ. कटरकी यांनी लक्ष्मीचा संकर बार्बाडेन्स जातीशी करून ‘वरलक्ष्मी’ दिली. बार्बाडेन्सचीही गुणसूत्रे ५२, म्हणून हे लग्न जमले. १९८१ साली त्यांचाच अतिलांब धाग्याचा ‘डीसीएच-३२’ आला.

दुप्पट सामान असले म्हणजे सारे साधते, असे मात्र नाही. २००२ पासून जिवाणूचे जनुक घातलेली अमेरिकन कपाशी देशभर पसरली. पुढे एकाची दोन जनुके केली, तरी गुलाबी बोंडअळी दोहोंनाही पुरून उरली. इकडे देशी कपाशी कमी पाण्यावर तग धरते, रस शोषणाऱ्या किडींना सहसा बधत नाही, पाने मुरडणारा विषाणू तर तिला बाधतच नाही. पण तिचे शेत शोधावे लागते. हे गुण अमेरिकनमध्ये आणायचे तर वाटेत ते वांझपण आडवे येते. त्यावर संशोधकांचा एक उपाय तोच जुना आहे : ३९ गुणसूत्रांच्या रोपाला कोल्चिसीन देऊन ७८ करावयाची, आणि त्या रोपाचा अमेरिकनशी पुन:पुन्हा संकर करीत, कैक पिढ्या निवड करून ५२ वर यावयाचे.