परदेशी शिकणारा आपला विद्यार्थी आणि तेथील मूळ रहिवाशांची भूमी

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आता केवळ पुण्या-मुंबईलाच नव्हे, तर टोरंटो आणि व्हँकुव्हरलाही शिकावयास जातात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीने हा मार्ग काही अंशी खुला केला; काही पालकांनी कर्ज काढून तो गाठला. जाणाऱ्या मुलाला आपण थंडीचे कपडे, भाड्याची खोली, फावल्या वेळचे काम यांविषयी पुष्कळ सांगतो. तू ज्या भूमीवर राहणार आहेस ती मुळात कोणाची, हे क्वचितच सांगितले जाते. शालेय इतिहासात कोलंबस येतो, 'रेड इंडियन' नावाचा एक परिच्छेद येतो आणि पुढच्या प्रकरणात ते लोक नाहीसे होतात. वस्तुतः ते नाहीसे झालेले नाहीत. 1913 साली बाबासाहेब ज्या मॅनहॅटन बेटावर शिकावयास उतरले, ते लेनापे लोकांचे होते. कॅनडात तर फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी हे मूळ रहिवासी आपल्या भूमीचे दावे आजही न्यायालयात लढवीत आहेत.

या स्मरणिकेच्या वाचकांना प्रथम एका शब्दाविषयी सावध करणे आवश्यक आहे. आपला माजी विद्यार्थी तेथे अभिमानाने सांगेल, की मी निवासी शाळेत शिकलो. हेच शब्द इंग्रजीत उच्चारले, की ऐकणारा मूळ रहिवासी स्तब्ध होईल. आपल्या दृष्टीने निवासी शाळा म्हणजे मुक्ती. 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेले मिस क्लार्क वसतिगृह आणि 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात काढलेले वसतिगृह, या परंपरेचेच आपली शाळा हे अपत्य आहे. गावात ज्याला वर्गाबाहेर बसविले जाई, त्याला येथे ताट, अंथरूण आणि पुस्तक मिळाले.

कॅनडात निवासी शाळा म्हणजे पोटच्या मुलांची चोरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरकारने निधी द्यावयाचा आणि ख्रिस्ती धर्मसंस्थांनी शाळा चालवावयाच्या, अशी व्यवस्था उभी राहिली. 1920 साली कायद्यात दुरुस्ती करून मुलांना सक्तीने नेण्याचा अधिकार सरकारने घेतला. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. तेथे त्यांचे केस कापले जात, मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई, अनेकांना नावाऐवजी क्रमांक मिळे. चार हजारांहून अधिक मुलांचे मृत्यू आजवर नोंदविले गेले आहेत. शेवटची शाळा बंद झाली ती 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या हयातीत. फिलिस वेबस्टाड या सहा वर्षांच्या मुलीला 1973 साली आजीने शाळेसाठी नारिंगी रंगाचा सदरा घेऊन दिला होता. पहिल्याच दिवशी तो काढून घेण्यात आला. 30 सप्टेंबरला तेथील लोक नारिंगी सदरे घालतात, ते या आठवणीपोटी.

आपल्याला शाळेबाहेर ठेवले गेले आणि त्यांना शाळेत कोंडले गेले. दोन्हींच्या मुळाशी माणसाला माणूस न मानणारी एकच वृत्ती आहे हे खरे, परंतु दोन्ही इतिहास एक नव्हेत. आपले पूर्वज गावकुसाबाहेरचे, बहुतांशी भूमिहीन. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964-65 साली झालेला सत्याग्रह जमीन मिळविण्यासाठी होता. कॅनडातील मूळ रहिवाशांपाशी भूमी होती आणि ती गेली. म्हणून तेथे पोहोचताच 'आम्हीही तुमच्यासारखेच' असे म्हणण्याची घाई आपल्या विद्यार्थ्याने करू नये. आधी ऐकावे.

भूमी कशी गेली, हे टोरंटोच्या उदाहरणावरून समजते. 1787 साली ब्रिटिशांनी मिसिसॉगा लोकांकडून ही भूमी 'विकत' घेतली. पुढे दस्त तपासला तेव्हा त्यात भूमीचे वर्णनच नव्हते. कागद कोरा होता आणि प्रमुखांच्या खुणा वेगळ्या चिटोऱ्यांवरून त्याला जोडलेल्या होत्या. 1805 साली हा व्यवहार पुन्हा पक्का करण्यात आला, तो दहा शिलिंगांत. या आणि लगतच्या आणखी एका भूभागाच्या दाव्यापोटी साडेचौदा कोटी डॉलरची भरपाई मिळावयास 2010 साल उजाडले. कोऱ्या कागदावर अंगठा म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांना निराळे सांगावे लागले नसते.

व्हँकुव्हरकडे तर कोरा कागदही नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा बहुतेक भाग कोणत्याही करारावाचून बळकावलेला आहे. तेथील प्रख्यात विद्यापीठ मस्क्वीअम लोकांच्या, त्यांनी कधीही न सोडलेल्या भूमीवर उभे आहे. दाद मागण्याची वाटही बंद करण्यात आली होती. 1927 च्या मार्च महिन्यात बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करीत होते. त्याच वर्षी कॅनडाने भूमीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणे हा गुन्हा ठरविला. तो निर्बंध 1951 पर्यंत टिकला. पाण्याचा प्रश्न तर अजून सरलेला नाही. उत्तर ऑन्टारिओतील नेस्कान्टागा या वस्तीला 1995 साली पाणी उकळून पिण्याची सूचना मिळाली, ती पंचवीस वर्षे उलटल्यावरही उठली नव्हती. गोड्या पाण्याच्या सरोवरांनी भरलेल्या श्रीमंत देशातील ही गोष्ट आहे. महाडचा वारसा सांगणाऱ्याला ती परकी वाटू नये.

येथे कोणी विचारील, की ही लूट गोऱ्यांनी केली. कालपरवा गेलेल्या मुलाचा तिच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. परंतु तेथील शिक्षण, नोकरी आणि पुढे मिळणारे नागरिकत्व ही सर्व त्या भूमीवरच उभी आहेत. सत्य व सलोखा आयोगाने 2015 साली 94 शिफारशी केल्या. त्यांतील शेवटच्या दोन नव्याने येणाऱ्यांविषयीच आहेत. त्यांनुसार 2021 साली नागरिकत्वाची शपथ बदलली. मूळ रहिवाशांचे हक्क आणि त्यांच्याशी झालेले करार मान्य करणाऱ्या संविधानाचे पालन करीन, असे आता नवागताला म्हणावे लागते. संविधानाची शपथ म्हणजे काय, हे आपल्या मुलांना कोणी शिकवावयास नको.

आता आपल्या ओळखीविषयी. जात विमानात बसून परदेशी जाते, हे आम्ही अनेक पालकांकडून ऐकले आहे. भारतीय मुलांच्या खोलीत आडनाव विचारले जाते, पुढचा प्रश्न नजरेतच असतो. अनेक मुले गप्प राहतात. त्यांनी गप्प राहू नये, असे आमचे मत आहे. आता तर तेथे आधारही आहे: बर्नाबी शहराने 2020 साली 14 एप्रिल हा बाबासाहेबांच्या नावाने समतेचा दिवस जाहीर केला आणि 2023 साली टोरंटोच्या शाळा मंडळाने जातिभेदाची दखल घेतली. या बातम्या आपण येथे पेढे वाटून साजऱ्या केल्या, ते योग्यच झाले. परंतु बर्नाबी शहरही मस्क्वीअम, स्क्वामिश, स्लेल-वॉटुथ आणि क्विक्वेट्लम लोकांच्या भूमीवर वसले आहे. आपल्याला मान मिळाला तो त्यांच्या अंगणात. तेथे जयभीम म्हणणाऱ्याला या यजमानांची नावे धड उच्चारता येऊ नयेत, हे शोभणारे नाही.

तेथे प्रत्येक समारंभाच्या प्रारंभी, आम्ही अमुक लोकांच्या भूमीवर जमलो आहोत, असे निवेदन वाचतात. पुष्कळदा तो उपचारच असतो. (त्रिशरण-पंचशील एका श्वासात उरकून नाश्त्याकडे धावणारी मुले आम्हीही पाहिली आहेत, तेव्हा फार हसण्याचे कारण नाही.) उपचार म्हणून तो सोडू नये, त्यामागील करार किंवा कराराचा अभाव विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधावा. मूळ रहिवाशांच्या इतिहासाचा एखादा अभ्यासक्रम निवडावा. 'रेड इंडियन' हा शब्द टाकून द्यावा. दुसऱ्याने लादलेले नाव अंगाला किती बोचते, हे आपण जाणतो. आणि 'मोकळा देश, पडून असलेली जमीन' असे गावी फोनवर सांगू नये, पालकांनीही ते चार ठिकाणी सांगू नये. गडचिरोली-चंद्रपूरकडील आपल्या मुलांना तर 'पडीक जंगल' म्हणून ज्याची नोंद होते तेथे कोण राहते, हे लहानपणापासून ठाऊक असते. मेंढा-लेखाच्या गोंड ग्रामसभेला आपल्याच जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविण्यासाठी 2009 पर्यंत थांबावे लागले.

यंदा परदेशी जाणाऱ्या मुलांना निरोप देताना आम्ही त्यांच्याकडून एकच पत्र मागितले आहे: तुम्ही राहता त्या जागेचे जुने नाव काय, ते कोणत्या भाषेतील आहे आणि ती भाषा बोलणारे लोक आज कोठे राहतात. आलेली पत्रे शाळेच्या ग्रंथालयात ठेवली जातील.