गुरांचं शिसं आणि जीवनसत्त्वाची सुई

१९६० साली रसायनीच्या हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सची स्थापना झाली. पुढे थळचा खत कारखाना, नागोठणं, रोहा-धाटाव, महाड, तळोजा असं करत रायगडची किनारपट्टी कारखान्यांनी भरली आणि पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्रीच्या काठची गुरं त्यांची शेजारी झाली. याच काळात, सांडपाण्यातून गुरांच्या पोटात जाऊ शकणाऱ्या शिशासारख्या जड धातूंवर जीवनसत्त्वांचा उतारा शोधला जात होता. १९८१ साली अमेरिकेत वासरांवरच्या प्रयोगात बी-१ जीवनसत्त्व दिल्यास शरीरात शिसं कमी साठतं असं दिसलं. २००१ साली इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये ई आणि सी जीवनसत्त्वं शिशाची झळ कमी करतात असं दाखवलं. हे काम मोलाचं आहे. पण त्यातून आंबोणात रोज जीवनसत्त्वाची पुडी टाकली की गाय वाचली, असा अर्थ निघत नाही. उंदराला रवंथाचं पोट नसतं. गाईला तोंडावाटे दिलेलं सी बहुतेक तिथेच नष्ट होतं. बी-१ उपयोगी पडतं ते सुईने, तेही शिसं बाहेर काढणाऱ्या ईडीटीएच्या जोडीला.

मुळात शिसं पोटात जातं कसं? जांभ्याच्या मातीत स्फुरद अडकून राहतं आणि भाताच्या पेंढ्यात ते थोडंच असतं. त्याची उणीव पडली की गुरं हाडं, चिंध्या चघळतात, आणि मग जुन्या बॅटरीचे पत्रे किंवा शेंदुरी रंगाची पोपडी चाटायलाही कचरत नाहीत. कॅल्शियम, लोह, जस्त कमी पडलेल्या आतड्यातून शिसं आणि कॅडमियम जास्त शोषलं जातं. ई जीवनसत्त्व तर हिरव्या चाऱ्यातच येतं, पेंढ्यात ते नावालाच. म्हणून खनिज मिश्रण आणि हिरवा चारा आधी, जीवनसत्त्वाची पुडी नंतर.

कारखान्यांचं नाल्यातलं सांडपाणी थांबवणं गुरंवाल्याच्या हाती नाही, मग निदान जीवनसत्त्व तरी द्यावं, असं कोणी म्हणेल. आजारी जनावराला डॉक्टरांनी ते जरूर द्यावं. मात्र हाडात साठलेलं शिसं गाय व्याल्यावर, दूध देताना पुन्हा रक्तात उतरतं. रोजच्या पुडीने ते निघत नाही. २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं आणि हवेतलं शिसं उतरलं ते उगमालाच हात घातल्यामुळे. २००५ साली इज्जतनगरच्याच संशोधकांनी प्रदूषित भागांतल्या दुभत्या गाईंचं रक्त आणि दूध तपासलं होतं. तशी तपासणी औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या गावांत नियमित व्हायला हवी, आणि तिचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या टेबलावर पोचायला हवेत.