'डॉक्टर हू'चे हरवलेले भाग : बीबीसीने पुसलेली मालिका प्रेक्षकांनी कशी जपली?

ऑक्टोबर २०१३ मध्ये बीबीसीने जाहीर केले की, नायजेरियातील जोस शहरातल्या एका प्रक्षेपण केंद्रात फिल्मचे काही जुने डबे सापडले आहेत. त्यात 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेचे असे नऊ भाग होते, जे खुद्द बीबीसीकडेही नव्हते. अनेक दशके ते कोणालाही पाहायला मिळाले नव्हते. या शोधानंतर मालिकेच्या हरवलेल्या भागांची संख्या १०६ वरून ९७ वर आली.

एवढी लोकप्रिय मालिका हरवते कशी? आणि ज्या काळात प्रत्येक गोष्ट 'ऑनलाइन आहे' असे समजले जाते, त्या काळात हे पुन्हा घडू शकते का?

'डॉक्टर हू' म्हणजे काय?

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, या मालिकेचा पहिला भाग प्रसारित झाला. परग्रहावरून आलेला 'डॉक्टर' नावाचा प्रवासी पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या 'टार्डिस' या यानातून काळ आणि अवकाशात भटकतो, ही मूळ कल्पना. पहिले डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल १९६६ मध्ये मालिकेतून बाहेर पडले, तेव्हा निर्मात्यांनी एक युक्ती काढली. हा परग्रहवासी मरणाच्या दारात पोहोचला की त्याचे शरीर बदलते, असे त्यांनी दाखवले. पॅट्रिक ट्रॉटन हे दुसरे डॉक्टर झाले आणि नट बदलत गेले तरी मालिका चालू राहिली.

१९६३ ते १९६९ या काळात कृष्णधवल स्वरूपात २५३ भाग प्रसारित झाले. हरवलेले सगळे भाग याच काळातले आहेत.

बीबीसीने भाग पुसलेच का?

यामागे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. त्या वेळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर रेकॉर्ड होत. ही टेप फार महाग होती, पण तिच्यावरचे पुसून ती पुन्हा वापरता येत असे. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. घरोघरी व्हिडिओ कॅसेट येण्याआधीचा तो काळ होता. रंगीत प्रसारण सुरू झाल्यावर तर कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईकच उरले नाही. मग कपाट अडवून बसलेली महागडी टेप पुसून वापरणे हे हिशेबी कारभाराचे लक्षण मानले गेले.

परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी या भागांच्या १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढल्या जात. विक्रीचे हक्क संपले की त्या प्रतीही टाकून दिल्या जात. टेप सांभाळणाऱ्या विभागाला वाटे, फिल्म दुसऱ्या विभागाकडे असेलच. फिल्म विकणाऱ्या विभागाला वाटे, मूळ टेप आहेच. सगळे जपून ठेवणे हे कोणा एकाचे कामच नव्हते. १९७८ च्या सुमारास बीबीसीने संग्रहासाठी स्वतंत्र व्यवस्था उभी केली आणि हा प्रकार थांबला. तोपर्यंत बरेच काही गेले होते.

सापडलेले भाग कुठे सापडले?

परदेशी गेलेल्या प्रती एका देशातून दुसऱ्या देशात फिरत. शेवटच्या वाहिनीने त्या परत पाठवाव्यात किंवा नष्ट कराव्यात, असा नियम होता. अनेक भाग वाचले ते हा नियम काही ठिकाणी पाळला गेला नाही म्हणून.

१९८३ मध्ये लंडनमधील एका मॉर्मन चर्चच्या तळघरात दोन भाग मिळाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमधून 'द टूम ऑफ द सायबरमेन' या कथेचे चारही भाग परत आले. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधील एका संग्राहकाकडे एक भाग निघाला.

सर्वांत गमतीची गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. तिथल्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल अशी दृश्ये फिल्ममधून कापली होती आणि कापलेले तुकडे सरकारी दप्तरात जपून ठेवले होते. १९९६ मध्ये ते तुकडे चाहत्यांच्या हाती आले. त्यामुळे काही भागांची आज फक्त तीच दृश्ये उरली आहेत, जी प्रेक्षकांनी पाहू नयेत असे सेन्सॉरला वाटले होते.

पहिल्या डॉक्टरचा दुसऱ्यात बदल होतो, तो भागही हरवलेला आहे. पण तो क्षण वाचला, कारण 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात त्याचा तुकडा दाखवला गेला होता.

हरवलेल्या भागांचा आवाज कसा वाचला?

चित्र हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे. याचे श्रेय जाते ते घरी बसून मालिका पाहणाऱ्या मुलांना आणि तरुणांना. पुनःप्रसारणाची खात्री नव्हती, म्हणून काही चाहते टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून किंवा तार थेट जोडून रिळांच्या टेपरेकॉर्डरवर प्रत्येक भागाचा आवाज उतरवून घेत. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून ते कार्यक्रमांशी संबंधित लोकांना विकत. हा आवाज आणि हे फोटो हाताशी धरून पुढे अनेक भाग अॅनिमेशनच्या रूपात नव्याने उभे केले गेले. 'द पॉवर ऑफ द डॅलेक्स' ही सहा भागांची कथा प्रथम प्रसारणाला ५० वर्षे होताना, २०१६ मध्ये, अशीच पुन्हा प्रेक्षकांसमोर आली.

म्हणजे मालकाने टाकून दिलेली वस्तू वाचली, ती तिच्या प्रती मालकाच्या हाताबाहेर गेल्या होत्या म्हणून.

असे फक्त बीबीसीच्या बाबतीत घडले का?

नाही. १९६९ मध्ये माणसाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले, त्या चित्रीकरणाच्या सर्वांत चांगल्या दर्जाच्या मूळ टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष 'नासा'नेच २००९ मध्ये काढला. आज जी दृश्ये आहेत, ती टीव्ही वाहिन्या आणि इतरांकडे राहिलेल्या प्रतींवरून सुधारून घेतलेली आहेत.

भारतातील चित्र याहून वाईट आहे. मूकपटांच्या काळात येथे हजाराहून अधिक चित्रपट बनले. त्यातले जेमतेम तीसेक पूर्ण किंवा अपूर्ण स्वरूपात उरले आहेत. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची एकही प्रत, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारणारे पी. के. नायर यांना मिळाली नाही. नायट्रेटची फिल्म लवकर पेट घेई आणि वातावरणाने खराब होई. शिवाय जुनी रिळे त्यातली चांदी काढण्यासाठी भंगारात विकली जात. पुण्यात हे संग्रहालय सुरू झाले १९६४ मध्ये, तोवर फार उशीर झाला होता. 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' (१९३२) मात्र आजही पाहता येतो.

एकाच जागी सारे साठवण्यातला धोकाही पुण्यानेच पाहिला. जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि 'प्रभात'च्या चित्रपटांची मूळ रिळेही त्यात गेली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते चित्रपट टिकले.

स्ट्रीमिंगच्या काळात हा धोका टळला का?

धोका टळलेला नाही, फक्त त्याचे रूप बदलले आहे. डिजिटल फाइल पुसून टेप वाचवण्याची गरज आज कोणाला नाही. पण ती दाखवायची की नाही, हे एकच कंपनी ठरवते. 'वेस्टवर्ल्ड' ही गाजलेली विज्ञानमालिका डिसेंबर २०२२ मध्ये 'एचबीओ मॅक्स'वरून काढली गेली. मे २०२३ मध्ये 'डिस्ने प्लस'ने 'विलो' ही मालिका पहिल्या भागानंतर सहा महिन्यांच्या आतच हटवली. त्यानंतर महिन्याभरात 'स्टार ट्रेक : प्रॉडिजी' ही मालिका 'पॅरामाउंट प्लस'वरून गेली. ती पुढे 'नेटफ्लिक्स'ने घेतली. कारण पुन्हा तेच होते, हिशेबाचे.

या फाइल कंपन्यांकडे असतीलही. पण २०१९ मध्ये 'मायस्पेस' या संकेतस्थळाने सांगितले की, सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तेथे ठेवलेली गाणी गेली. कोट्यवधी गाण्यांचा तो साठा होता.

१९६० च्या दशकातला प्रेक्षक टेपरेकॉर्डर लावू शकत होता. आजच्या अॅपवर 'डाउनलोड' केलेला भाग मुदत संपली की उघडत नाही, कारण तो कुलूपबंद असतो आणि किल्ली कंपनीकडे असते. चोरट्या प्रतींना आळा घालण्यासाठी ही कुलपे लागतात, हे कंपन्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण त्याच कुलपांमुळे प्रेक्षकांच्या घरची प्रत, म्हणजे 'डॉक्टर हू'ला वाचवणारी शेवटची सोय, बंद झाली आहे.

मग उपाय काय?

एक उपाय कायद्याचा आहे. फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्याने रेडिओ आणि टीव्ही कार्यक्रमांची प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवण्याची व्यवस्था झाली. भारतात प्रकाशकांनी ठरावीक ग्रंथालयांना प्रती देण्याचा कायदा १९५४ पासून आहे, पण तो पुस्तके आणि वृत्तपत्रांपुरता आहे. एखाद्या अॅपवर आलेली मराठी वेबमालिका त्यात येत नाही. ती अॅपवरून उतरली आणि तिची डिस्क निघालेली नसेल, तर ती पाहण्याचा सरळ मार्ग प्रेक्षकाकडे उरत नाही.

दुसरा उपाय साधा आहे : निर्मात्यांनी आपल्या कामाची एक तरी प्रत कंपनीच्या सर्व्हरबाहेर, शक्य तर एखाद्या संग्रहालयात ठेवणे. जोसमधल्या त्या डब्यांचे महत्त्व अनेक वर्षे कोणी ओळखले नव्हते. तरी ते कामी आले, कारण ते लंडनच्या बाहेर होते.