अभयदानाचा शेजार

दानाचे चार प्रकार आपल्याकडे लहानपणापासून सांगितले जातात : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. पहिल्या तिन्हींच्या खुणा गावोगावी दिसतात. धर्मशाळा, दवाखाने, पाठशाळा आणि वसतिगृहे समाजाने उभी केली व पिढ्यान्‌पिढ्या चालवली. चौथे दान मात्र बहुधा मुक्या जीवांच्या संदर्भातच आठवते. अभय म्हटले की पांजरपोळ डोळ्यांसमोर येते. भयभीत माणसाच्या मनातील भीती दूर करणे हाही त्याच शब्दाचा अर्थ आहे, आणि हे दान कोणत्याही एका घराला किंवा एका समाजाला एकट्याने देता येत नाही. ज्याला भीती वाटते तो शेजारी असतो आणि ज्याची भीती वाटते तोही पुष्कळदा शेजारीच असतो. दोघांना एका सतरंजीवर बसवल्याखेरीज हे दान पुरे होत नाही.

महाराष्ट्रातील भिवंडी आणि इचलकरंजी या यंत्रमागाच्या दोन गावांचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

व्यवहार होता, संवाद नव्हता

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत लाखो यंत्रमाग चालतात. येथे कोणत्याही एका समाजाला एकट्याच्या बळावर वारभर कापडही बाजारात आणता येत नाही. सुताचा व्यापारी पुष्कळदा गुजराती वा मारवाडी, मागाचा मालक मोमीन, माग चालवणारा कारागीर उत्तर प्रदेशातून किंवा तेलुगू मुलखातून आलेला, तर हमाल आसपासच्या खेड्यांतला. सूत उधारीवर जाते, कापड परत येते, हिशेब खातेवहीत उतरतो. परस्परांच्या शब्दावर चालणारा हा धंदा आहे.

तरीही याच गावात १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भीषण दंगल झाली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा आग भडकली. भिवंडी, ठाणे, मुंबई या पट्ट्यात तेव्हा दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. खातेवहीतील विश्वासाने माणसे वाचली नाहीत. व्यापारी कुटुंबांनी या गोष्टीचा विचार करावयास हवा. धंद्याचे नाते दोन माणसांमधले असते. पेढीचे दार बंद झाले, रस्त्यावर जमाव आला आणि अफवा पसरली, की वीस वर्षांचा ग्राहकही पलीकडच्या बाजूचा होऊन जातो. त्या क्षणी ज्याला हाक मारावी असा, दोन्ही वस्त्यांना मान्य असलेला माणूस कोठेच नसतो.

मोहल्ला समित्या

ही उणीव ओळखून १९८८ पासून भिवंडीचे तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग सुरू केला. गावात अशा सुमारे सत्तर समित्या उभ्या राहिल्या. प्रत्येक समितीत त्या त्या वस्तीतील हिंदू व मुस्लिम रहिवासी आणि स्थानिक पोलीस एकत्र बसू लागले. पुढाऱ्यांपेक्षा वस्तीत रोज वावरणाऱ्या माणसांना त्यांत स्थान होते. दंगल झाल्यावर बोलावली जाणारी शांतता समिती आणि या समित्या यांत मूलभूत फरक होता. या समित्या गाव शांत असतानाही नियमाने भेटत.

शांततेच्या काळातील या बैठकांचे मोल वरवर पाहता कळत नाही. मिरवणूक कोणत्या गल्लीने जावी, कोणाच्या दारासमोर कचरा साठतो, कोणत्या तरुणांची कोणाशी खडाजंगी झाली, असेच विषय अशा बैठकीत निघणार. पण वर्षभर क्षुल्लक गोष्टींसाठी एकमेकांचे दार ठोठावलेल्या माणसांना संकटाच्या रात्री ते दार अनोळखी राहत नाही. अफवा कानी येताच खरे-खोटे कोणाला विचारावे हे ठाऊक असते. अफवेचे आयुष्य मोठे नसते. ती पडताळून पाहणारा माणूस पहिल्या घटकेत भेटला, तर बहुतेक वेळा ती तेथेच विरते.

या प्रयोगाची परीक्षा लवकरच झाली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतर मुंबईत डिसेंबर व जानेवारीत दोनदा दंगली उसळल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत नऊशे जणांचा बळी गेला. मुंबईच्या उंबरठ्यावर असलेली आणि दंगलींचा पूर्वेतिहास असलेली भिवंडी मात्र त्या दिवसांत शांत राहिली. या घटनेचा अभ्यास पुढे देशविदेशांतील विद्वानांनी केला. अमेरिकेत अध्यापन करणारे आशुतोष वार्ष्णेय यांनी नागरी जीवन आणि जातीय हिंसा यांच्या संबंधावरील आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली आहे. दंगलींनंतर मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

मात्र हा ठेवा एकदा मिळवून तिजोरीत ठेवता येत नाही. २००६ च्या जुलै महिन्यात एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून याच भिवंडीत हिंसाचार झाला आणि दोन पोलिसांना प्राण गमवावे लागले. पेढीवर जसा रोज दिवा लावावा लागतो, तसा हा संवादही रोजचा असावा लागतो.

औषध आणि आहार

२०२० मध्ये भय निराळ्या रूपाने आले. त्या वर्षी माणूस माणसाला भिऊ लागला. भिवंडीतील शांतिनगर भागात मक्का मशिदीत प्राणवायूची सोय असलेले केंद्र उघडण्यात आले आणि ते सर्व धर्मांच्या रुग्णांसाठी खुले होते. पुण्यातील आझम कॅम्पसच्या मशिदीतील मोठे दालन विलगीकरणासाठी देण्यात आले.

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीने त्याच काळात एक उदाहरण घालून दिले. १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आलेले हे गाव. येथील जैन कुटुंबे शेतीत आहेत, तशीच सूत-कापडाच्या व्यापारातही आहेत. सायझिंगपासून वहिफणीपर्यंतच्या कामांत सर्व जातिधर्मांचे हात आहेत. टाळेबंदीत माग थांबले. व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणणारे खर्चीवाले यंत्रमागधारक आणि त्यांच्याकडील कामगार हवालदिल झाले. अशा दिवसांत तेथील मुस्लिम समाजाने रमजानमध्ये छत्तीस लाख रुपये गोळा करून गावातील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा केला. ईदच्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे लोकार्पण झाले. पैसा एका समाजाचा होता, रुग्णालय सार्वजनिक होते आणि खाटेवर निजणारा कोण असेल हे देणाऱ्यांना ठाऊक नव्हते. औषधदान यापेक्षा वेगळे काय असते?

यवतमाळ जिल्ह्यातील करंजी येथे महामार्गाच्या कडेला एका वृद्ध शीख सेवेकऱ्याच्या देखरेखीखाली लंगर चालला. पायी, सायकलवर, मालमोटारींवर बसून गावाकडे निघालेल्या लाखो मजुरांनी तेथे घास घेतला. मुंबईत धारावीसारख्या दाट वस्तीत महापालिकेच्या जोडीने भारतीय जैन संघटनेचे फिरते दवाखाने गल्लीगल्लीत पोहोचले. हीच संघटना ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास घेऊन आली होती. प्रत्येकाने आपापल्या धर्माच्या प्रेरणेने काम केले. कोणाला आपला आचार सोडावा लागला नाही आणि दुसऱ्याचा स्वीकारावाही लागला नाही.

पेढीला आधी कळते

अशा कामात व्यापारी कुटुंबांपाशी एक विशेष सामर्थ्य असते, ते म्हणजे माहिती. वस्तीतील कोणते घर अडचणीत आहे हे सरकारी यादीच्या कितीतरी आधी दुकानाच्या गल्ल्यावर कळते. दोन किलो तूरडाळ नेणारे घर पाव किलोवर येते. महिन्याची उधारी न चुकता फेडणारा कारागीर तोंड चुकवू लागतो. औषधाच्या दुकानात पूर्ण पाकिटाऐवजी चार गोळ्या मागितल्या जातात. एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा नेहमीचा दुधाचा हिशेब अचानक थांबतो. खातेवही ही एका अर्थी शेजारच्या दुःखाची पहिली नोंदवही असते. ती उघडी करावयाची नाही. ग्राहकाची अब्रू ही पेढीचीच अब्रू. पण तिच्यातून मिळालेली सूचना योग्य हाती, कुजबुजीच्या स्वरात पोहोचवता येते.

निरनिराळ्या धर्मांच्या मंडळींनी एकत्र मदतकार्य करावयाचे झाल्यास काही पथ्ये पाळणे हिताचे ठरते. गरजूंची यादी एकच असावी, म्हणजे एका घरी तीनदा शिधा आणि शेजारच्या घरी एकदाही नाही असे घडत नाही. पैसा मात्र ज्याच्या त्याच्या संस्थेच्या हिशेबात राहावा. त्याने संशयाला जागा उरत नाही. शिजवलेल्या अन्नापेक्षा कोरडा शिधा दिला, तर कोणाच्याही चुलीचा नियम मोडत नाही. एकत्र रसोडा चालवावयाचाच असेल, तर कांदा-लसणाविना साधी खिचडी प्रत्येकाच्या पानात चालते. शिधा घेणाऱ्याचे छायाचित्र काढू नये. आपल्याकडे गुप्तदानाची थोरवी आहे. इस्लाममध्येही लपवून दिलेल्या दानाला श्रेष्ठ मानले आहे. या एका मुद्द्यावर दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांचे एकमत व्हावयास वेळ लागत नाही.

सर्वांत कठीण पथ्य निराळे आहे. मदत करणाऱ्या गटात, ज्या वस्तीला मदत पोहोचवावयाची त्या वस्तीतील माणूसही असला पाहिजे. घेणारा म्हणून नव्हे, ठरवणारा म्हणून. विणकराच्या घरातील स्त्रीला सध्या धान्याची निकड आहे की मुलाच्या फीची, हे तिच्या गल्लीतील बाईच नेमके सांगू शकते. भिवंडीच्या समित्यांतही वस्तीतील माणूस समितीचा सदस्य होता, तिच्या कृपेचा याचक नव्हता.

क्षमापनेनंतर

पर्युषणाच्या अखेरीस सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. आप्तांना संदेश जातात, संघात हात जोडले जातात. त्या सर्व जीवांत रस्त्यापलीकडचा रंगारी, हमालांचा मुकादम आणि मशिदीच्या विश्वस्तमंडळातील सूतग्राहकही येतात. क्षमापनेच्या दुसऱ्या दिवशी संघातील दोघा-तिघांनी त्यांच्या दारी जावे, महिन्यातील एक वार ठरवावा आणि वस्तीत एकटे राहणारे वृद्ध, दीर्घ आजारी आणि कमावता माणूस गमावलेली घरे यांची यादी मिळून करावयास बसावे. आरंभी नावे दहा असली तरी पुरेशी आहेत. यादी करताना चहाच्या दोन फेऱ्या होतील, मुलाबाळांची चौकशी होईल, एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक घेतले जातील. दहा घरांना आधार मिळेल आणि पुढे कधी रात्री-अपरात्री गल्लीत गलबला झालाच, तर दोन्ही बाजूंना कोणाला हाक मारावयाची हे ठाऊक असेल.