सकाळची नीरा, दुपारची ताडी

डहाणू-पालघरच्या पट्ट्यात पहाटे ताडावरून उतरवलेल्या मडक्यात डोकावून बघा. आतला रस पाण्यासारखा निवळ, चवीला गोड. ही नीरा. तेच मडके नुसते सावलीत ठेवून द्या. आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात, मग रस गढूळ होतो, आणि दुपारपर्यंत पातळ ताकासारखा पांढरा होऊन फेस तोंडाशी येतो. आता ती ताडी झाली. कोणी त्यात काही घातलेले नसते.

नीरेत शेकडा दहा-बारा भाग साखर असते. हवेतले, झाडाच्या कापावरचे आणि जुन्या मडक्याला चिकटलेले यीस्ट व जिवाणू त्या साखरेवर तुटून पडतात. साखरेचे अल्कोहोल होते, कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, तोच फेस. आणि तो दुधाळ रंग? रसात तरंगणारे हे कोट्यवधी सूक्ष्मजीवच. काही तासांत अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर जाते. उन्हाळ्यात हे झपाट्याने होते, थंडीत जरा सावकाश.

घरी बिअर करणारे युरोपातले लोकही असाच फेस आणि गढूळपणा बघतात. पण तिथे काही दिवसांनी यीस्ट तळाला बसते आणि वरची बिअर निवळते. ताडीला एवढी सवड कुठली! निवळायच्या आत ती आंबट होते, आणि तशीच ठेवली तर शिरका.

या रंगबदलावर आपल्याकडे कायदाही उभा आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे नीरा म्हणजे न आंबलेला रस, आणि तोही आंबू नये अशी तजवीज केलेल्या भांड्यात धरलेला. आंबला की ताडी. परवाना नीरेचा आणि मडक्यात फेस, असे झाले तर तपासणीला आलेल्या माणसापुढे काय सांगणार? म्हणून मडके रोज धुऊन वाळवायचे, आतून चुना फासायचा. चुन्याने आंबणे लांबते. आता चुन्यानेही नीरा थोडी पांढुरकी दिसते हे खरे. पण चुना थोड्या वेळाने तळाला बसतो, त्याला बुडबुडे येत नाहीत. आंबलेला रस मात्र खालून वर उकळल्यासारखा हलत राहतो. गूळ करणाऱ्यांनी तर हे बघितल्याशिवाय कढई चढवूच नये. साखर आधीच खाल्ली गेलेल्या रसाचा गूळ धरत नाही, सरपण मात्र जळते.

पिणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. क्लोरल हायड्रेट मिसळलेली बनावट ताडी आपल्या राज्यात अनेकदा पकडली गेली आहे. खरी ताडी तासातासाला बदलते, फेसाळते, आंबट होत जाते. सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच रंगाची, एकाच चवीची राहणारी पांढरी ताडी दिसली तर हात आखडता घ्यावा. मात्र फेस आला म्हणजे ती शुद्ध, असेही समजू नये. खऱ्या ताडीतही भेसळ करता येते, आणि ती नजरेला दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

आणि पाव्हण्यांसाठी बाटलीत भरून नेणार असाल, तर बूच घट्ट लावू नका. आतला वायू थांबत नाही. वाटेत एसटीत बाटली फुटली, की सगळ्या गाडीला वास.